जपानी कंपनीसोबत संयुक्त विकास करार : मालकीच्या कलमावर मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कारखान्यातल्या मशीनच्या बेअरिंगची कंपनं सेन्सरने मोजून बिघाड आधीच ओळखणारं सॉफ्टवेअर आमची छोटी कंपनी बनवते. एका जपानी मशीन-टूल कंपनीला ते त्यांच्या यंत्रांत बसवायचंय. सोबत ते आमच्या कंपनीत थोडा हिस्साही घेणार आहेत.

गुंतवणुकीचं काम सरळ आहे. सॉफ्टवेअरमध्ये १०० टक्के परकीय गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय येते. शेअरचं मूल्यांकन सीए करताहेत, पैसे आल्यावर ६० दिवसांत वाटप आणि वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेचा एफसी-जीपीआर फॉर्म भरायचा. तिथे काही अडत नाही.

अडलंय ते १४व्या कलमापाशी. प्रकल्पाच्या काळात जे तयार होईल ते सगळं, 'आधीच्या तंत्रज्ञानातील सुधारणांसह', त्यांच्या मालकीचं, असा मसुदा आहे. या तीन शब्दांनी झोप उडाली आहे. आमचा अल्गोरिदम सतत सुधारत असतो. उद्या पंपवाल्यांना किंवा कंप्रेसरवाल्यांना द्यायला आमच्याकडे जुनं व्हर्जनच उरेल आणि चालू व्हर्जन त्यांचं होईल.

पहिला पेटंट अर्ज टोकियोत करू, असंही ते म्हणत होते. शोध लावणारे आमचे इंजिनियर भारतात राहतात, त्यामुळे आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३९ लागू होतं : आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर परदेशी अर्जाची परवानगी घ्या. हे त्यांना लगेच पटलं. ते प्रत्येक मुद्द्याला एक्सेलच्या रकान्यात उत्तर लिहितात. इथे लिहिलं, 'वेळापत्रकात धरतो'. मालकीच्या रकान्यात मात्र अजून 'तपासत आहोत' एवढंच आहे.

घाई यासाठी की मसुदा एकदा त्यांच्या रिंगीत गेला, म्हणजे खात्याखात्यांतून मंजुरीच्या शिक्क्यांसाठी फिरू लागला, की शब्द बदलणं फार कठीण. जे बोलायचं ते आत्ताच.

माणसं चांगली आहेत, हा करार व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी जपानी कंपनीसोबत असं काम केलंय त्यांनी सांगावं : सगळंच संयुक्त मालकीचं करा, असं सुचवावं का?

प्रतिसाद

संयुक्त मालकी ऐकायला समान वाटते, पण ती मागू नका. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ५० आणि जपानच्या पेटंट कायद्याचं कलम ७३, दोन्हींत एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला लायसन्स देता येत नाही. पंपवाल्याला द्यायचं तर दर वेळी टोकियोची परवानगी.

आम्ही असं केलं होतं : सही होण्याआधीचा आपला कोड, तारीख आणि व्हर्जनसह, परिशिष्टात नोंदवला. ज्याचं मूळ तंत्रज्ञान, त्याच्या सुधारणाही त्याच्याच. समोरच्याला त्याच्या यंत्रांपुरतं, ठरावीक वर्षांसाठी एक्सक्लुझिव्ह लायसन्स दिलं. त्यांना भीती असते ती हेच सॉफ्टवेअर प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रात दिसण्याची. तेवढी घालवली की मालकीचा हट्ट बराच सैल होतो. इतकं करूनही काही संयुक्त राहिलंच, तर लायसन्सची संमती करारातच आगाऊ लिहून घ्या.

वादाचं कलमही बघा. टोकियोचं न्यायालय लिहिलं असेल तर बदलून घ्या. तिथला हुकूमनामा इथे थेट अंमलात येत नाही, नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा न्यूयॉर्क कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारामुळे दोन्ही देशांत चालतो. लवादाचं ठिकाण म्हणून सिंगापूरला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि विकासाची फी मिळणार असेल तर काम भारतात करूनही जपानमध्ये १० टक्के कर कापला जाईल, भारत-जपान कर करारातली तरतूदच तशी आहे. त्या दराचा अर्ज पैसे येण्याआधी त्यांच्यामार्फत तिथल्या कर कार्यालयात जायला हवा, नाहीतर २०.४२ टक्के कापतील.

धागाकर्ता

खूप आभार. परिशिष्टाचं काम आजच सुरू करतो, लायसन्सचा प्रस्ताव त्याच एक्सेलमध्ये टाकतो. एक राहिलं : त्यांच्या यंत्रांतून येणाऱ्या कंपनांच्या डेटावर आमचं मॉडेल शिकणार. डेटा त्यांचा, हे मान्यच आहे. पण त्यावर शिकलेलं मॉडेल आमच्या 'सुधारणां'त बसतं का? तुमच्या करारात हे कसं लिहिलं होतं?