उत्तर: चुसोवितिनाने देश का बदलला?

उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना 'पैशासाठी झेंडे बदलत फिरली', असं या चर्चेत कोणीतरी लिहिलंय; ते अजिबात पटलं नाही. 2002 मध्ये तिच्या लहानग्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचार जर्मनीतल्या कोलोनला झाले. खर्च भागवायला ही बाई स्पर्धांमागून स्पर्धा खेळत राहिली. जर्मनीकडून खेळली ती त्यानंतर, आणि 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टचं (धावत येऊन साधनावर हात टेकून उडी मारण्याचा प्रकार) रौप्य जर्मनीला मिळवून दिलं. पुढे परत उझबेकिस्तानकडून उतरलीच की!

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: तिच्या कारकिर्दीत व्हॉल्टचं साधनच बदललं. 1992 ला बार्सिलोनात ती 'घोडा' म्हणतात त्या जुन्या, अरुंद साधनावरून उड्या मारत होती. 2001 पासून तिथे रुंद, उतरतं टेबल आलं. दहापैकी गुण देण्याची पद्धतही नंतर गेली. या वयात सगळं नव्याने शिकायचं, म्हणजे कमालच. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 41 व्या वर्षी तिने प्रोदुनोव्हा (हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायची अतिशय अवघड उडी) मारली, पाय टेकले पण तोल पुढे गेला आणि सरळ कोलांटी. सातवी आली. आपली दीपा कर्माकर त्याच फायनलमध्ये चौथी, कांस्यपदक 0.150 ने हुकलं. ते अजून सलतं.