‘मेस्तिसो’ या स्पॅनिश शब्दाचं मूळ काय, आणि मराठीत काय लिहावं?

चौकस
अठराव्या शतकातल्या मेक्सिकोवरच्या एका स्पॅनिश मजकुराचं भाषांतर करायचं आहे. पानोपानी ‘मेस्तिसो’ येतो. शब्दकोशात अर्थ ‘मिश्र वंशाचा’ एवढाच. तीन शंका आहेत. आपल्या ‘मिश्र’शी त्याचं खरंच नातं आहे की नुसता भास? ‘मुलातो’ही त्याच अर्थाचा का? आणि ‘संकरित’ लिहिलं तर चालेल का?

धातुपाठ
भास नाही, नातं खरं आहे. उत्तरकालीन लॅटिनमधला ‘मिक्स्तिसिउस’ हा त्याचा पूर्वज आणि त्यामागे ‘मिस्केरे’, म्हणजे मिसळणे. संस्कृत ‘मिश्र’ त्याच इंडो-युरोपीय धातूचा. फ्रेंच ‘मेतिस’ आणि पोर्तुगीज ‘मेस्तिसु’ ही त्याची सख्खी भावंडं.

शब्द माणसांपुरताच नाही. स्पेनमध्ये आजही दोन जातींच्या कुत्र्याला ‘पेर्रो मेस्तिसो’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. माणसाला लावला की मात्र वजन बदलतं. पेरूतल्या कुस्कोत १५३९ साली जन्मलेला लेखक इन्का गार्सिलासो दे ला वेगा याचे वडील स्पॅनिश, आई इन्का राजघराण्यातली. १६०९च्या ग्रंथात तो सांगतो, की हे नाव आमच्या बापांनीच दिलं, त्यामुळे मी ते तोंड भरून, अभिमानाने लावतो. पण तिकडे अमेरिकेत कुणाला ‘तू मेस्तिसो’ म्हटलं तर तो अपमान समजतो. शब्द एक, मान आणि अपमान दोन्ही त्यातच. तेव्हा भाषांतर करताना आधी बघा, बोलतोय कोण.

खेचरपुराण
‘मुलातो’ वेगळा. स्पॅनिश आणि आफ्रिकी आईबापांचं मूल म्हणजे मुलातो. स्पॅनिश आणि स्थानिक इंडियन (म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी) यांचं मूल म्हणजे मेस्तिसो. आफ्रिकी आणि इंडियन असेल तर बहुधा ‘सांबो’, पण मेक्सिकोच्या कागदपत्रांत अशालाही सर्रास मुलातोच लिहिलेलं दिसतं. स्पॅनिश अकादमीचा कोश ‘मुलातो’ची व्युत्पत्ती ‘मुलो’, म्हणजे खेचर, यावरून देतो. अरबी ‘मुवल्लद’वरून आला असंही एक मत आहे, पण माझा कौल खेचरालाच. त्यामुळे आजच्या मराठी वाक्यात तो स्वतःच्या तोंडी घेऊ नका, अवतरणात ठेवा.

चौकस
आभार. पण मजकुरात एकच माणूस बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘मेस्तिसो’ आणि लग्नाच्या नोंदीत ‘कास्तिसो’ आहे. छपाईची चूक समजायची का?

दफ्तरखाना
चूक समजून दुरुस्त केलीत तर पुराव्यालाच हात लावाल! नियमाप्रमाणे स्पॅनिश आणि मेस्तिसो यांचं मूल कास्तिसो, आणि कास्तिसो व स्पॅनिश यांचं मूल पुन्हा ‘स्पॅनिश’. पण पाद्री रक्त तपासत नसे. कपडे, भाषा, धंदा, सोबतचे साक्षीदार आणि माणूस स्वतः काय सांगतो, यावर तो लिही. बऱ्याच चर्चमध्ये वह्याही वेगळ्या असत: स्पॅनिशांची, इंडियनांची आणि बाकी ‘कास्तां’ची, म्हणजे मिश्र वंशाच्या गटांची. नाव कोणत्या वहीत आहे हे नोंदीइतकंच बोलतं.

शिक्क्याला व्यवहारी किंमतही होती. इंडियनांना राजाचा कर भरावा लागे आणि मुक्त मुलातोंनाही. मेस्तिसोला तो माफ. म्हणून करवसुलीच्या यादीत ‘मी मेस्तिसो’ म्हणण्यात फायदा होता. इन्क्विझिशनपुढे, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायासनापुढे, उलटं: १५७१ला मेक्सिकोत ते न्यायासन आलं तेव्हा इंडियन त्याच्या कक्षेबाहेर ठेवले, मेस्तिसो आत. तिथे ‘मी इंडियन’ म्हणणं सोयीचं. म्हणून नोंदीतला शब्द जसाच्या तसा ठेवा आणि तळटीपेत कागदाचा प्रकार व साल द्या.

आणखी एक फसगत. १७६३ साली चित्रकार मिगेल काब्रेराने काढली तशी १६-१६ चित्रांची ‘कास्ता-चित्रं’ (आई, बाप, मूल आणि त्यांच्या वंशांची नावं दाखवणारी) पाहून लोकांना वाटतं, की सोळा पक्क्या जाती होत्या. त्यांत ‘तेन्ते एन एल आइरे’ (हवेत लटक) आणि ‘नो ते एन्तिएन्दो’ (तू मला कळत नाहीस) अशी नावं येतात. चर्चच्या वह्यांत ती जवळपास सापडतच नाहीत. तिथे पाच-सहा शब्दांवर काम भागे.

धातुपाठ
‘कास्ता’चं भाषांतर ‘जात’ करू नका. पोर्तुगीजांनी तोच शब्द भारतातल्या जातींना लावला हे खरं, म्हणूनच हात आपोआप तिकडे वळतो. पण एकाच घरात बाप स्पॅनिश, आई मेस्तिसा आणि मूल कास्तिसो, हे मराठी ‘जाती’त बसणार कसं? ‘कास्ता’च ठेवा.

‘संकरित’ नको. ते बियाण्याला आणि गाईला. पहिल्यांदा ‘मेस्तिसो (स्पॅनिश-इंडियन मिश्र वंशाचा)’ असं लिहा, पुढे नुसतं ‘मेस्तिसो’. बाई असेल तर ‘मेस्तिसा’. ‘मेस्टिझो’ मात्र टाळा: लॅटिन अमेरिकेत तिथे स्वच्छ ‘स’ आहे, आघात ‘ति’वर. त्या काळच्या चित्रांवरही शब्द कित्येकदा ‘स’च्या अक्षराने लिहिलेला दिसतो.

दफ्तरखाना
मजकूर १८२१च्या पुढे जात असेल तर जपून. स्वातंत्र्यानंतर, १८२२मध्ये, मेक्सिकोत कागदपत्रांत वंश नोंदवायला बंदी आली. विसाव्या शतकात तोच शब्द राष्ट्राची ओळख म्हणून परतला. १९२५मध्ये मेक्सिकन विचारवंत होसे वास्कोन्सेलोसने मांडलेली ‘वैश्विक वंशा’ची (सगळे वंश मिसळून होणाऱ्या नव्या वंशाची) कल्पना त्याच प्रवाहातली. तिथला ‘मेस्तिसो’ म्हणजे आईबापांचा हिशेब नव्हे, ‘आम्ही मेक्सिकन’ असं म्हणणं. ग्वाटेमालाचं प्रकरण आलं तर बहुतेक ‘लादिनो’ भेटेल. तो ‘लातिनो’वरून, आणि त्यात वंशापेक्षा स्पॅनिश भाषा-राहणी मोजली जाते.