अंगवळणी पडलेली एक सवय : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक घरांचा दिवस लोकलच्या वेळेवर आखला जातो. काय खावे, किती चालावे, किती झोपावे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते रोजच्या धबडग्यात ते निभावण्यावर. म्हणून ज्यांना जमले त्यांनी आपली एकच सवय निवडावी, ती दिवसातल्या कोणत्या ठरलेल्या कामाला जोडली आणि तिच्यामुळे काय फरक पडला हे सविस्तर लिहावे, अशी मनापासून विनंती आहे. ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी इथले वाचून गोळ्यांत परस्पर बदल करू नये. सुरुवात मी करते.

घणसोली, नोकरदार गृहिणी

माझे हिमोग्लोबिन सतत कमी भरत असे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोबत जेवणानंतर लगेच चहा घेता का, असे विचारले. महापेच्या आमच्या कार्यालयात डबा संपला की चहा येणारच, हा शिरस्ता होता. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. मी चहा सोडला नाही, फक्त चार वाजेपर्यंत पुढे ढकलला. डब्यात मेथी, चवळी किंवा माठ असला की एका छोट्या स्टीलच्या डबीत लिंबाची फोड ठेवते आणि जेवताना भाजीवर पिळते, कारण क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अधिक शोषले जाते. गोळ्यांचा वाटा मोठा आहेच, पण त्या बंद झाल्यावरही हिमोग्लोबिन टिकून राहिले, याचे श्रेय मी या डबीला देते.

चरई, ठाणे, सेवानिवृत्त

मला मधुमेह आहे. पहाटे फिरण्याचा सल्ला सर्वांनी दिला. मात्र गुडघे सकाळी आखडलेले असतात आणि पावसाळ्यात तर बेत हमखास मोडतो. त्यामुळे आम्ही उभयतांनी रात्रीचे जेवण आठच्या आत आणले आणि जेवणानंतर तलावपाळीला एक संथ फेरी मारू लागलो. जेवणानंतर रक्तातली साखर वाढू लागते, त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू काम करू लागले तर ती साखर ते वापरून टाकतात. हे आमच्या डॉक्टरांनी समजावले तेव्हा या वेळेचे महत्त्व मला पटले. घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी येणारा आकडा फेरी झालेल्या दिवशी बहुधा कमी असतो. तलावाभोवती गर्दी असते, खाऊच्या गाड्याही असतात. तरी हीच फेरी टिकली, कारण तेवढा वेळ आम्ही दोघे निवांत बोलतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र साखर फार खाली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

कोपरी, गृहिणी

चरईच्या काकांकडे जसे मधुमेहामुळे, तसे आमच्याकडे मीठ कमी करणे सासऱ्यांच्या वाढलेल्या रक्तदाबामुळे सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाणातले मीठही आले. आम्ही पानात डावीकडे मीठ वाढणेच बंद केले. आमटीला कोकम आणि कोथिंबीर वाढवली. सुरुवातीला सर्वांनाच अळणी लागले, पुढे जीभ रुळली. आता बाहेरचे खाणेच खारट लागते.

ऐरोली, आयटी कंपनीत रात्रपाळी

घणसोलीच्या ताईंनी चहाचा विषय काढला, म्हणून लिहितो. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी आम्ही पहाटेपर्यंत कॉफी पीत असू आणि सकाळी अंथरुणावर पडून तळमळत असू. कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, हे समजल्यावर मी शेवटचा कप पाळीच्या पहिल्या निम्म्या भागातच संपवतो. जड जेवण पाळीला निघण्यापूर्वी घरीच होते: भाकरी, उसळ, ताक. मध्यरात्री लागलीच भूक, तर शेंगदाणे किंवा एखादे फळ खातो, कँटीनचा वडापाव नव्हे. घरी पोहोचल्यावर मोबाइल बाहेरच्या खोलीत राहतो आणि खिडकीला जाड गडद पडदा ओढला जातो. यातल्या कशालाही फार खर्च आला नाही. खरी गरज होती ती घरच्यांच्या साथीची. दुपारी दारावरची बेल वाजू नये म्हणून आई दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सर्वांना शेजारच्या काकूंकडे पाठवते. माझ्यासारखे रात्रपाळीवाले कोणी असतील, तर सुटीच्या दिवशी झोपेची वेळ कशी सांभाळता, हे अवश्य लिहावे. ते मला अजून नीट साधलेले नाही.