तुमच्या आठवणीतली जाहिरात : सांगली, मिरज, किर्लोस्करवाडी

आमच्या गल्लीतली शेवटची रंगवलेली भिंत गेल्या महिन्यात पाडली. तिच्यावरच्या गेरू रंगाच्या जाहिरातीतली अक्षरं लावत मी जोडाक्षरं शिकले. गिरगावात १९०५ साली बी. दत्तराम ही जाहिरात एजन्सी निघाली, १९२९ मध्ये अमेरिकेची थॉम्प्सन मुंबईत आली, हे पुस्तकांत सापडतं. पण ती जाहिरात आपल्या गावापर्यंत कुणाच्या हातांनी पोचली, ते कुठंच नाही. म्हणून विचारतेय. जे आठवेल ते लिहा.

पलूसहून
आजोबा किर्लोस्करवाडीला, किर्लोस्करांच्या नांगराच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या तोंडून ऐकलेलं : लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. मला वाटतं, आपल्या भागातली खरी जाहिरात तिथंच सुरू झाली, कारण आधी माणसाच्या मनातली भीती काढायची होती. पुढं १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्र घरात वाचायचं मासिक झालं, आणि १९२९ पासून नुसतं 'किर्लोस्कर'. आजी त्यातल्या जाहिरातीसुद्धा मोठ्यानं वाचायची.

सांगली, गावभागातून
आमची हळदीची पेढी. वडिलांनी थेटरात मध्यंतराला दाखवायची काचेची स्लाइड करून घेतली. पहिल्याच खेळाला ती उलटी लागली. अख्खं थेटर हसलं, वडील अंधारात उठून बाहेर गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

तासगावहून
विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती लागायला लागल्या. आई भाकरी थापता थापता त्या गुणगुणायची.

मिरजेहून
वडील पेंटर. कंपनीचा माणूस कागदावरचा नमुना द्यायचा, त्याचं भिंतीएवढं करायचं ते वडिलांनी. आधी चुन्याचे दोन हात. मग निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना आम्ही भावंडांनी ताणून धरायची, वडील मधे बोटानं उचलून सोडायचे, टप्! सरळ निळी रेघ. बोधचिन्हासाठी कागदाला सुईनं भोकं पाडलेली असत, त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची की भिंतीवर ठिपके उमटायचे. पैसे चौरस फुटावर. गाव सोडून जाताना भिंतीच्या मालकाला रंगाचा उरलेला डबा द्यायचे, दाराला होईल म्हणून.

फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत काम थांबलं. ब्रश त्यांनी रॉकेलमध्ये धुऊन कापडात गुंडाळून ठेवले, ते तसेच आहेत.

ताई, तुमच्या त्या भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत, पिवळ्या रंगात बारीक सही होती का? फोटो असेल तर टाका.