मदत हवी आहे: लिमिटिंग रिएजंट (अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ) मोल काढून चुकतो आणि वजन बघून बरोबर येतो, असं कसं?

मुलीला मोलची गणितं समजावताना मीच अडकले आहे. गणित असं: २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ५ ग्रॅम हायड्रोजन यांपासून किती ग्रॅम अमोनिया मिळेल? संतुलित समीकरणात १ नायट्रोजन, ३ हायड्रोजन आणि २ अमोनिया.

मी मोल (कणांची ठरावीक संख्या) काढले, म्हणजे ग्रॅमना त्या पदार्थाच्या एका मोलच्या वजनाने भागलं. नायट्रोजन २८ ÷ २८ = १, हायड्रोजन ५ ÷ २ = २.५. नायट्रोजनचे मोल कमी, म्हणून आधी तोच संपणार, असं मी तिला सांगितलं. पुस्तकात उत्तर हायड्रोजन! ती म्हणाली, "आई, हायड्रोजन ५ ग्रॅमच आहे, दिसतंच आहे की." ती चुकीच्या वाटेने बरोबर उत्तराला पोचली असं मला वाटतंय, पण माझी वाट कुठे चुकली ते सापडत नाही. कालपासून डोक्यात हेच आहे.

प्रतिसाद:
मोल तुम्ही बरोबर काढलेत, फक्त तुलना एक पायरी आधीच केलीत. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो, तुमच्याकडे आहे २.५. म्हणजे हायड्रोजनच अपुरा. प्रत्येकाच्या मोलांना समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने (त्याच्या आधीच्या अंकाने) भागा: १ ÷ १ = १ आणि २.५ ÷ ३ = ०.८३. ज्याचा भागाकार लहान, तो आधी संपतो.

वजनाचा नियम मात्र तिच्या मनात पक्का होऊ देऊ नका. हायड्रोजन १० ग्रॅम घ्या. वजनाने तो अजूनही कमीच, पण मोल झाले ५. त्यातले ३ वापरले जातात, २ उरतात, आणि संपतो नायट्रोजन.

मूळ प्रश्नकर्ती:
हे १० ग्रॅमचं उदाहरण तिला लगेच पटलं, मनापासून आभार! मग ०.८३ म्हणजेच अमोनियाचे मोल ना?

प्रतिसाद:
नाही, इथे बरेच जण घसरतात. समीकरणात लिहिलेली अभिक्रिया किती पट घडली, ते ०.८३ सांगतं. दर पटीला अमोनिया २ मोल, म्हणून १.६७ मोल, म्हणजे १७ ने (अमोनियाच्या एका मोलच्या वजनाने) गुणून साधारण २८.३ ग्रॅम. नायट्रोजन ०.१७ मोल उरला, सुमारे ४.७ ग्रॅम. आता तिला बेरीज करायला सांगा: २८.३ + ४.७ = ३३, आणि सुरुवातीला २८ + ५ = ३३ च होते.