फेरीबोट धरा की हिशेबात!

गाड्यांच्या वेळा नि मार्ग दाखवणारी ॲपं कशी सुधारायची, या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की ॲपचा रंग बदला, बटणं मोठी करा. करा की, पण आमच्याकडचं दुखणं वेगळंच. मागे दापोलीहून गुहागरला निघालो, तर एका ॲपने खेड-चिपळूण फिरवून आणायचा बेत दिला. दाभोळ-धोपावे फेरीबोट त्याच्या गावीच नाही! वाशिष्ठीची खाडी ओलांडली की पलीकडे गुहागर तालुकाच.

प्रवाशांना काय हवं याची पाहणी करायची तर ऑफिसात बसून फॉर्म भरून घेऊ नका. सकाळी स्टँडवर उभे राहा. आमच्या शेजारच्या आजी वेळ विचारतच नाहीत, "वस्तीची गाडी गेली काय रे?" एवढंच विचारतात. वस्तीची म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहून सकाळी सुटणारी एसटी. ॲपमध्ये मात्र गाडीला नुसता नंबर. 'वस्तीची' म्हणून शोधलं तर काहीच सापडत नाही.

आणि पावसाळा! कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. जीटीएफएस म्हणजे वेळापत्रकं ॲपना पुरवायचा ठरलेला साचा; त्यात कॅलेंडरची फाइल असते, तिच्यात सुरुवातीची नि शेवटची तारीख घालायची सोय आहे. म्हणजे अडचण तंत्राची नाहीच, भरायचा कंटाळा. रेंज नसताना वेळापत्रक दिसलं पाहिजे, हे आधी करा. रंग मग बघू.