शब्दचर्चा : ‘तुम्ही’तला ‘तु’ लघु की गुरू?

प्रश्न : भुजंगप्रयात वृत्तात एक ओळ रचली आहे, ‘तुम्ही बोलता अन् पुन्हा गप्प होता’. चालीवर म्हटली तर कुठे अडखळत नाही. पण ‘जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू’ हा शाळेतला नियम लावला की ‘तु’ आणि ‘पु’ दोन्ही लघु (हलके) न राहता गुरू (जड) होतात आणि वृत्त मोडतं. खोट ओळीत आहे की नियमात?

उत्तर : ओळ चोख आहे, नियम मात्र अर्धाच शिकवतात. जोडाक्षरामुळे मागच्या अक्षरावर आघात आला, तरच ते गुरू. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण (य-गण म्हणजे लघु-गुरू-गुरू असा तीन अक्षरांचा गट), 12 अक्षरं. गण पाडा : तुम्हीबो, लताअन्, पुन्हागप्, पहोता. ‘गप्प’ म्हणताना ‘ग’ला लागून ओठ मिटतात, ‘ग’ जड होतो. ‘तुम्ही’त तसं होत नाही, ‘म्ह’ एका दमात सुटतो, ‘तु’ हलकाच राहतो. उलट याच वृत्तातल्या मनाच्या श्लोकांतलं ‘मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा’ घ्या. तिथे ‘नि’वर आघात दिला नाही, तर तिसरा गण लंगडा पडतो.

‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचं अनेकवचन) मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ‘द’ गुरू, दुसऱ्यात लघु. इथे लिपीनेच फरक दाखवलाय. म्ह, न्ह, ल्हच्या बाबतीत ती सोय नाही, सगळी भिस्त कानावर.

प्रतिसाद : मग म्ह, न्ह दिसला की मागचं अक्षर सरसकट लघु धरायचं?

उत्तर : छे! ‘चिन्ह’ म्हणून बघा, ‘चि’ गुरूच आहे. ‘ब्रह्म’चा उच्चार बरेच जण ‘ब्रम्ह’ करतात, तरी ‘ब्र’ गुरूच राहतो.

प्रतिसाद : मात्रावृत्तातही (जिथे गण न पाडता लघुची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रा मोजतात) असंच?

उत्तर : अगदी. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ मोजा. 12 आणि 18 मात्रा भरतात. ‘सु’ लघु धरलात, तर पहिल्या भागात 11च. ‘प्र’आधीची ‘णी’ मुळातच दीर्घ, तिथे वादच नाही.

तुमच्या ओळीतल्या ‘अन्’कडे मात्र पुन्हा बघा. ‘आणि’ बसेना म्हणून घेतलेला ‘अन्’ वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.